गर्दीतलं घर

नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात गेलेल्या कुणालाही तिथल्या गर्दीची रीत ठाऊक असते. महाद्वारातून आत शिरलं की माणूस स्वतःच्या पायांनी कमी आणि मागच्यांच्या रेट्यानं जास्त पुढे सरकतो. एका हातात ओटीचं ताट, दुसऱ्या हातात पोराचं मनगट, आणि पिशवी सांभाळायला हात उरत नाही. १९९० नंतरच्या वर्षांत याच देवळात एक तरुण मुलगी चोरी करताना पकडली गेली. लोक जमले, आरडाओरडा सुरू झाला. मुलीबरोबर तिची आई होती आणि आईच्या कडेवर साधारण दीड वर्षांचं मूल. खटल्यात पुढे आलेली हकिकत अशी, की आईनं ते मूल सर्वांच्या देखत जमिनीवर आपटलं. मुलाला रक्त आलं, लोकांचं लक्ष चोरीवरून मुलाकडे वळलं, आणि गर्दीनं त्या बायकांना वाट करून दिली.

ते मूल त्या बाईचं नव्हतं. एका भीक मागणाऱ्या स्त्रीचं ते पोर, आधीच पळवून आणलेलं. पुढे ते रडायचं थांबेना म्हणून त्याला संपवण्यात आलं.

ती आई म्हणजे अंजनाबाई गावित. तिच्या दोन मुली, थोरली रेणुका शिंदे आणि धाकटी सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळात पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि आसपासच्या गावांमधून या तिघींनी तेरा मुलं पळवली आणि त्यांतल्या नऊ जणांचा जीव घेतला, असा आरोप त्यांच्यावर होता. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये सहा खून सिद्ध धरून दोघी बहिणींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं २००४ मध्ये पाच खुनांचा दोष कायम ठेवला. अंजनाबाई त्याआधीच, डिसेंबर १९९७ मध्ये, तुरुंगात मरण पावली. त्या मुलांची नावं मी इथे लिहिणार नाही, आणि त्यांच्या मरणाचे तपशीलही सांगणार नाही. ते वर्तमानपत्रांत आणि निकालपत्रांत भरपूर आले आहेत, आणि त्या मुलांच्या घरची माणसं आजही आपल्यातच राहतात. या प्रकरणात मला विचार करायचा आहे तो वेगळ्याच मुलांचा. रेणुका आणि सीमा याही कधीतरी कुणाचं बोट धरून चालणाऱ्या पोरी होत्या. ते बोट अंजनाबाईचं होतं.

हा विचार करायला मला एका चित्रपटानं भाग पाडलं. एरियल क्लेमन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा ‘पार्टिझन’ हा चित्रपट २०१५ मध्ये आला. कोलंबियातल्या भाडोत्री मारेकरी पोरांबद्दलचा वर्तमानपत्रातला एक लेख वाचून त्याची कल्पना सुचली. त्या देशात १९८४ साली रॉड्रिगो लारा बोनिया या न्यायमंत्र्याचा खून मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी केला होता आणि त्यांतला एक कोवळा पोर होता, तेव्हा ही कल्पना हवेतली नाही. चित्रपट मात्र कोणत्याच देशाचं नाव घेत नाही. पडक्या इमारतींचं एक शहर, शहराच्या टोकाला भिंतींआड लपलेली एक वसाहत, आणि तिचा कारभारी ग्रेगरी. ही भूमिका व्हिन्सेंट कॅसल या फ्रेंच नटानं केली आहे. ग्रेगरी बाळंतिणींच्या वॉर्डात जातो, ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशा बायका हेरतो, त्यांना निवारा देतो. त्यांची मुलं मग त्याची होतात. तो त्यांना भाजीपाला पिकवायला शिकवतो, गाणी म्हणायला लावतो, चांगलं काम केलं की सोनेरी चांदण्या चिकटवतो आणि पिस्तूल चालवायला शिकवतो. बाहेरचं जग दुष्ट आहे, इथे तुम्ही सुरक्षित आहात, एवढाच तिथला धर्म. त्याचा सर्वांत लाडका अलेक्झांडर अकरा वर्षांचा आहे. तो शहरात जातो, अनोळखी माणसाला गोळी घालतो आणि घरी परत येऊन जेवायला बसतो.

या चित्रपटाचा अर्थ लावताना बहुतेक जण ग्रेगरीपाशी थांबतात. तो राक्षस आहे का, प्रेमळ बाप आहे का, की दोन्ही? मला हा प्रश्न तितका महत्त्वाचा वाटत नाही. चित्रपटाचा जीव मला एका कोंबडीत सापडला. वसाहतीत लिओ नावाचा एक नवा मुलगा येतो. तो इतरांपेक्षा वेगळा आहे, हट्टी आहे. जेवणासाठी कोंबडी मारायची वेळ येते तेव्हा हा मुलगा आडवा येतो. तिला मारायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ग्रेगरी समजावतो, आवाज चढवतो, पण मुलगा हटत नाही. आजूबाजूची मुलं बघत राहतात, कारण ग्रेगरीला नाही म्हणता येतं हे त्यांनी आजवर कधी पाहिलेलंच नसतं. पुढे लिओ वसाहतीत दिसेनासा होतो. तो कुठे गेला हे अलेक्झांडरला कुणी नीट सांगत नाही, आणि तिथून त्या मुलाच्या मनात पहिली फट पडते. माणसं मारताना त्याला काही वाटलं नव्हतं. एका मुलानं कोंबडीसाठी नकार दिला आणि त्या नकाराचा जाब मोठ्या माणसाला देता आला नाही, तेव्हा त्याला वाटलं.

मुलाच्या डोक्यात चांगलं-वाईट एखाद्या पाठासारखं कुणी भरत नाही. घरातली मोठी माणसं एकमेकांशी भांडतात, आजी एक सांगते आणि बाप दुसरं, शेजारची काकू तिसरंच म्हणते, शाळेतल्या बाई सगळ्यांना खोटं पाडतात, आणि या गलबल्यात मूल स्वतःचं मत बनवायला शिकतं. ग्रेगरीनं हा गलबला काढून टाकला. वसाहतीत जगाचा अर्थ सांगणारं तोंड एकच आहे, आणि तेच तोंड पापा घेतं, भरवतं, कौतुक करतं. मुलाला मारेकरी करायला मग क्रौर्याची गरजच पडत नाही. प्रेम पुरतं. ज्याच्या प्रेमावर सगळं जगणं अवलंबून आहे त्याला खोटं ठरवणं अकरा वर्षांच्या पोराला परवडत नाही.

आता हीच चौकट गावितांच्या घराला लावून बघितली तर एक अडचण उभी राहते. तिथे भिंत कुठे होती? अंजनाबाई कुठल्या जंगलात राहत नव्हती. ती मूळची नाशिककडची, एका ट्रकचालकाबरोबर पुण्याला आली, त्यानं रेणुकाच्या जन्मानंतर तिला सोडलं. पुढे मोहन गावित या माजी सैनिकाशी तिनं संसार थाटला, सीमा झाली, आणि त्यानंही दुसरं लग्न केलं. चाळीतलं, भाड्याच्या खोलीतलं बिऱ्हाड. पोटासाठी पाकीटमारी, मंगळसूत्रं ओढणं, जत्रांतली चोरी. जोतिबाचा चैत्र, नृसिंहवाडीची दत्तजयंती, पंढरीची वाट, एसटी स्टँड, आठवडी बाजार, बायकांची आणि सोन्याची गर्दी जिथे असेल तिथे या मायलेकींची फिरती. हे घर डोळ्यांआड नव्हतंच. ते सतत हजारो माणसांच्या मध्ये होतं. ‘पार्टिझन’मध्ये मुलांना लोकांपासून लांब ठेवून जे साधलं, ते इथे लोकांच्या ऐन मध्यात राहून साधलं.

ते कसं साधलं याचं उत्तर खटल्यातच मिळतं. एकदा एका गर्दीत चोरी करताना रेणुका सापडली तेव्हा तिच्याजवळ तिचं स्वतःचं तान्हं मूल होतं. लेकुरवाळी बाई चोरी कशी करेल, असा कांगावा तिनं केला आणि लोकांना तो पटला. त्या सुटकेतून या टोळीला तिची युक्ती सापडली. कडेवर मूल असलं की संशय येत नाही. आला तरी मूल रडतं आणि माणसं विरघळतात. स्वतःचं मूल धोक्यात घालायचं नसेल तर दुसऱ्याचं आणायचं, आणि ते मोठं झालं, बोलू लागलं, रडून जड व्हायला लागलं की टाकून द्यायचं. मराठी माणसाच्या मनात लेकुरवाळीला जी जागा आहे, तिच्यासाठी बसमध्ये जी सीट सोडली जाते, रांगेत जी वाट दिली जाते, तीच त्यांची भिंत झाली. ही भिंत आपण सगळ्यांनी मिळून बांधलेली, चांगुलपणाची. म्हणून तिच्या पलीकडे काय चाललंय ते सहा वर्षं कुणाला दिसलं नाही.

त्या घरातल्या दोन मुलींना तरी पलीकडचं जग दिसत होतं का? डोळ्यांना दिसत होतं. देवळात हात जोडणारी माणसं, पोराला पाणी पाजणाऱ्या आया, शाळेच्या गणवेशातल्या मुली, सगळं रोज दिसत होतं. पण आईच्या शिकवणीत ही सगळी माणसं म्हणजे सावज होती. जगाबद्दल असं एकच वाक्य लहानपणापासून ऐकलं, आणि रोजची भाकरी त्या वाक्यावरच मिळाली, की समोरच्या बाईचं दुःख दिसत असूनही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. आल्बर्ट बॅन्डुरा या मानसशास्त्रज्ञानं माणूस स्वतःच्या विवेकाला कशी रजा देतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. कृत्याला साधं नाव देणं, जबाबदारी वरच्यावर ढकलणं, समोरच्याला माणूस न मानणं या वाटा त्यानं दाखवल्या आहेत. मोठ्या माणसाला त्या वाटा शोधाव्या लागतात. असल्या घरात जन्मलेल्या मुलाला त्या पायाखालीच मिळतात.

इथे एका धोक्याबद्दल थांबून बोललं पाहिजे, कारण आपल्या देशात या विचाराचा फार वाईट वापर झाला आहे. ‘मुलं घरातून गुन्हा शिकतात’ हे वाक्य दोन पावलं पुढे ढकललं की ‘काही जातींत गुन्हा जन्मतःच येतो’ इथे पोहोचतं. इंग्रज सरकारनं तसंच ढकललं. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं, वाटसरूंना गळा आवळून मारणाऱ्या ठगांच्या जबान्या १८३६ मध्ये छापल्या. त्यांत मुलांना या धंद्यात कसं आणत याचं वर्णन आहे. पहिल्या फेरीला मुलाला काहीच कळू द्यायचं नाही, तट्टू द्यायचं, खाऊ द्यायचा, मग हळूहळू चोरीपर्यंत आणि शेवटी खुनापर्यंत. कुरहोरा नावाच्या चौदा वर्षांच्या एका पोराची गोष्ट एका ठगानं सांगितली आहे. त्याला मागे ठेवायचं ठरलं होतं, पण तो घोडं दामटत पुढे आला आणि त्यानं गळे आवळले जाताना पाहिलं. तो थरथर कापायला लागला, तट्टूवरून पडला, भ्रमात बडबडू लागला आणि त्याच संध्याकाळच्या आत मेला. ही हकिकत खरी असेल तर तिचा अर्थ उघड आहे. ठगांच्या घरातल्या पोरालाही खून पाहवत नव्हता. तो पाहवावा म्हणून वर्षानुवर्षं शिकवण द्यावी लागत होती. सरकारनं मात्र उलटा अर्थ काढला. जबलपूरला माफीच्या साक्षीदार ठगांची वसाहत आणि कारखाना निघाला, तंबू आणि सतरंज्या विणण्याचा, आणि त्यांची मुलंबाळंही त्याच आवारात ठेवली गेली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या सेटलमेंटमध्ये सबंध जमातीच्या जमाती डांबल्या गेल्या. चित्रपटातली भिंतींआडची वसाहत आपल्याकडे खरोखर होती. ती कुणा ग्रेगरीनं नव्हे, सरकारनं बांधली होती, आणि तिच्यात गुन्हा न केलेली मुलं जन्माला येत होती.

याच काळात कोल्हापुरात एका राजानं वेगळा हिशेब मांडला. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली. त्याआधी ठरावीक जातींच्या माणसांना रोज चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवावं लागे. फासेपारध्यांना महाराजांनी सोनतळीच्या परिसरात वसवलं, कामं दिली, पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांच्यापासून राखण करायची असं जग म्हणत होतं, त्यांच्याच हाती राखण दिली. मुलांना घरातून काय मिळतं हे महाराजांना कळत नव्हतं असं नाही. त्या घराला गावात जागा दिली की मुलाच्या कानावर पडणारी तोंडं वाढतात, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

कोल्हापूरच्याच एका माणसानं या प्रश्नावर चित्रपट केला आहे, आणि ‘पार्टिझन’शेजारी ठेवून तो पाहावा असं मला मनापासून वाटतं. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ चा. कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे, म्हणजे औंध संस्थानच्या मुलखातले. आटपाडीपाशी १९३९ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती. मूळ पोलंडचे असलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच स्वामी भारतानंद, यांचा त्यात मोठा हात होता. खुनाच्या शिक्षेतल्या माणसांनी कुंपणाशिवाय शेती करायची, आणि बायकामुलांसह राहायचं, असा तो प्रयोग. ती वसाहत आजही आहे. त्या प्रयोगाची गोष्ट शांतारामांनी पडद्यावर आणली. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुन्यांना माळरानावर घेऊन जातो आणि त्यांच्याकडून शेत उभं करवतो.

दोन्ही चित्रपटांची मांडणी जवळजवळ एकच आहे. जगापासून लांबची जागा, एक बापासारखा माणूस, त्याच्या शब्दावर चालणारी माणसं. एकीकडे मुलांचे खुनी होतात, दुसरीकडे खुन्यांची पुन्हा मुलं होतात. शांतारामांचे कैदी पळून जायला निघतात तेव्हा आदिनाथचे डोळे त्यांना रोखतात. तो मेल्यावरही ते डोळे त्यांच्यावर असतात. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्या डोळ्यांची भक्ती वाटली होती. ‘पार्टिझन’ पाहून झाल्यावर त्याच डोळ्यांची थोडी भीती वाटली. कारण ग्रेगरीचीही सत्ता तशीच, नजरेची आहे. बळजबरी न करता माणसाला आतून बांधून टाकणारी. मग आदिनाथ आणि ग्रेगरी यांच्यात फरक काय?

फरक बाजारात दिसतो. आदिनाथचे कैदी पिकवलेली भाजी घेऊन बाजारात जातात. तिथे त्यांना गिऱ्हाइकं भेटतात, भाव पाडला म्हणून चिडलेले व्यापारी भेटतात. मार खावा लागतो, दारूचा मोह पडतो. माळावर खेळणी विकणारी चंपा येते, ती गाते, त्यांची चेष्टाही करते. म्हणजे आदिनाथ आपल्या माणसांना मुद्दाम अशा जागी पाठवतो जिथे त्याचा शब्द चालत नाही, आणि तिथे ते चुकू शकतात हे त्याला माहीत असतं. ग्रेगरीची मुलं बाहेर जातात ती फक्त गोळी घालायला. बोलायला नाही, विकत घ्यायला नाही, खेळायला नाही. अलेक्झांडर परतताना वाटेत कुणाशी बोलला तर तो गुन्हा. अंजनाबाईच्या मुली बाजारात गेल्या, देवळात गेल्या, पण त्यांचंही बाहेरच्या माणसाशी नातं फक्त हाताच्या बोटांपुरतं होतं, खिशापर्यंतचं.

गावित मायलेकींवर हिंदीत एक चित्रपट झाला आहे, ‘पोशम पा’, २०१९ चा, सुमन मुखोपाध्याय यांचा. आईच्या भूमिकेत माही गिल, मुलींच्या भूमिकांत सयानी गुप्ता आणि रागिणी खन्ना. तुरुंगातल्या बहिणींची मुलाखत घ्यायला माहितीपट करणारे दोघे जण येतात आणि त्यांच्या प्रश्नांतून भूतकाळ उलगडतो, अशी त्याची रचना. अभिनय ताकदीचा आहे, विशेषतः सयानी गुप्तांचा. पण चित्रपट सगळं उत्तर आईच्या अंगी शोधतो. ती किती विकृत, तिनं पोरींवर काय काय लादलं. हे सगळं मान्य केलं तरी एक जागा रिकामी राहते. त्या घरापाशी येऊन गेलेली इतकी माणसं, चाळीतले शेजारी, स्टँडवरचे हमाल, लेकुरवाळी म्हणून सोडून देणारे लोक, चोरीच्या गुन्ह्यात पकडणारे हवालदार, यांच्यापैकी एकाही बाहेरच्या माणसाचा शब्द त्या पोरींच्या कानात का राहिला नाही? आईचं क्रौर्य दाखवणं सोपं आहे. गर्दीचं ते रिकामेपण दाखवणं अवघड, आणि माझ्या मते कोल्हापूरच्या या प्रकरणाचा खरा चित्रपट तिथे होता. तो अजून कुणी केलेला नाही.

कायद्यापुढे हा प्रश्न फार कोरड्या स्वरूपात येतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला परिणामाची समज होती का हे बघायचं. अठरापर्यंत बाल न्याय कायदा, त्यातही सोळा ते अठरा वयाच्या मुलानं घोर गुन्हा केला तर २०१५ पासून वेगळी तपासणी. अठरा पूर्ण झाली की माणूस सगळ्याचा मालक. पण असल्या घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात अठराव्या वाढदिवशी कुणी नवा आवाज आणून सोडत नाही. युगांडाच्या डॉमिनिक ऑन्गवेनचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासमोर आला तेव्हा हा पेच उघडपणे मांडला गेला. शाळेच्या वाटेवरून त्याला लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर फौजेनं साधारण नऊ वर्षांचा असताना उचललं. त्याच फौजेत तो वाढला आणि तिचा सेनानी झाला. २०२१ मध्ये एकसष्ट आरोपांत तो दोषी ठरला. आपण घडवलेच गेलो असे, म्हणून निर्दोष, हा बचाव न्यायाधीशांनी मानला नाही. पण जन्मठेप न देता पंचवीस वर्षांची शिक्षा दिली, आणि पळवून नेलेल्या त्या मुलाचा विचार शिक्षेत केला आहे हे लिहून ठेवलं. दोष पुरा, शिक्षा कमी. मला हा तोल पटतो. त्यात मेलेल्यांचा अपमान नाही, आणि पोराचा विसरही नाही.

रेणुका आणि सीमा यांच्या वाट्याला हा तोल आला नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २००६ मध्ये फाशी कायम केली. त्या स्त्रिया आहेत एवढं सोडलं तर दया दाखवावी अशी कोणतीच परिस्थिती नाही, असा त्या निकालाचा सूर होता. मुली आईच्या हाताखाली कधीपासून होत्या हे वजनात धरलं गेलं नाही. राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. शेवटी फाशी टळली ती भलत्याच कारणानं. दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला सात वर्षं दहा महिन्यांहून जास्त लागले, ही सरकारची दिरंगाई, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात बदल केला तो असा, की कोणतीही सूट न मिळता ही कैद मरेपर्यंतची राहील. फाईल उशिरा हलली म्हणून त्या जिवंत आहेत. कोणत्या घरात वाढल्या, याचा त्यात संबंध नाही. मला त्यांना सोडून द्यावं असं वाटत नाही. ज्या घरांतली मुलं गेली त्यांच्यासमोर उभं राहून असं म्हणायची माझी छाती नाही, आणि मनही नाही. पण शिक्षेच्या कागदावर त्या दोन पोरींच्या बालपणाला एक परिच्छेद मिळायला हवा होता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ९५व्या कलमात, मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षांची शिक्षा आहे. बाल न्याय कायद्यातही २०१५ पासून तशी तरतूद होती. जत्रेत, स्टँडवर, सिग्नलला कडेवर पोर घेतलेली बाई दिसली की ते पोर कुणाचं आणि त्याला कशासाठी आणलंय हे विचारायला आता पोलिसाला कायद्याचा अधिक ठळक आधार आहे. ही कलमं अंजनाबाईसारखीला गाठतील. तिच्या हाताखाली वाढून मोठी झालेल्या रेणुकेला गाठायला कोणतंच कलम नाही. ती एका दिवशी पीडित असते आणि दुसऱ्या दिवशी आरोपी.

या सगळ्या प्रकरणात एक माणूस असा होता, जो त्या घरात वाढला नव्हता. रेणुकाचा नवरा. त्याला दुसरं घर होतं, दुसरी माणसं होती, जग कसं असतं हे त्यानं स्वतःच्या लहानपणी बघितलं होतं. म्हणजे बाहेरचा आवाज घेऊन त्या घरात शिरलेला तो एकटाच. तो काही बोलला नाही, फिरतीवर त्यांच्यासोबत राहिला. अटकेनंतर तो माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या साक्षीशिवाय खटला उभा राहणं कठीण होतं, हे कबूल. बाकी पुरावा तुटपुंजा होता, मारली गेलेली मुलं बोलायला उरली नव्हती. त्यामुळे कायद्यानं त्याला माफी दिली, आणि आईनं घडवलेल्या दोघी आजन्म आत राहिल्या.